जमिनीवर बसा, मग बोलू

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, फेटा बांधून फोटो काढलात. झालं? आता माझं ऐका. मेळाव्यात "बाई, आशीर्वादाचे दोन शब्द" म्हणून माझ्या हातात माईक दिलात आणि तेवढ्यात मागे केटररची भांडी वाजायला लागली. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, म्हणून मी खरंच दोन शब्द बोलून खाली बसले. उरलेले आज लिहून पाठवते आहे. ग्रुपवर टाका आणि नुसता अंगठा दाखवून मोकळे होऊ नका, शेवटपर्यंत वाचा. मार्च १९९२ ची दहावीची बॅच म्हणजे तुम्ही आता पन्नाशीला टेकलात. माझा हात पोहोचत नाही म्हणून वाचलात, नाहीतर एकेकाचा कान धरूनच हे ऐकवलं असतं.

त्या दिवशी माईक हातात आलेल्या प्रत्येकानं एकच धडा म्हणून दाखवला. आईवडिलांची आठवण येते, गावाची आठवण येते, गेलेल्या दोस्तांची आठवण येते. एकाचा तर गळा दाटला. मी आपली भाबडी, मलाही गहिवरून आलं. जेवताना चौकशी केली तेव्हा कळलं, हा साताऱ्यात बंगला बांधून राहतो आणि त्याची आई वीस किलोमीटरवर गावात एकटी असते. शेवटचा कधी गेलास, म्हटलं, तर म्हणतो, बेंदराला. बेंदूर होऊन चार महिने झाले होते! अरे, वीस किलोमीटरला काय व्हिसा लागतो? आणि हाच पठ्ठ्या दरवर्षी सातारा हिल मॅरेथॉन पळतो. २०१२ ला ती सुरू झाल्यापासून पदकांची रांग लावली आहे म्हणे भिंतीवर. यवतेश्वरचा घाट पळत चढून येणाऱ्याला आईचा उंबरा चढवत नाही. तुला शाबासकी देतील लोक, मी देणार नाही.

पण तो निदान पळतो तरी. बाकीच्यांचं काय सांगू? मी मुद्दाम निरोप पाठवून पंगत मांडायला लावली होती. पटांगणात बस्करपट्ट्या, समोर पत्रावळी, आपल्या वेळेसारखं. निम्मे जण पट्टीकडे बघत उभेच राहिले. "बाई, गुडघा." "बाई, कंबर." "बाई, पँट घट्ट आहे." कोणीतरी मंडपातल्या खुर्च्या ओढून आणल्या आणि मांडीवर पत्रावळ घेऊन जेवायला बसलात. आमटी कुठं गेली ते तुमच्या पँटींना विचारा. जे खाली बसले त्यांचं उठणं बघण्यासारखं होतं. एकानं आधी डावा हात टेकला, मग उजवा गुडघा, मग शेजारच्याचा खांदा पकडला, "आई गं" म्हणाला, दोनदा झोका घेतला आणि उठल्यावर फड जिंकल्यासारखा हसला. त्याच पंगतीत आपल्या शाळेच्या शिपाईमावशी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. मांडी घालून बसल्या, जेवल्या, पत्रावळीची घडी घातली आणि हात न टेकता उठून चालू लागल्या. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. मला मात्र आलं.

विज्ञान शिकवत होते मी तुम्हाला, म्हणून सांगते. ब्राझीलमधल्या क्लॉडियो गिल अराउजो या डॉक्टरांनी नेमकी हीच परीक्षा घेतली होती. ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांना सांगितलं, कशाचा आधार न घेता जमिनीवर बसा आणि उठा. बसायचे पाच गुण, उठायचे पाच. हात टेकला, एक गुण गेला. गुडघा टेकला, आणखी एक गेला. मग काही वर्षं त्या लोकांवर लक्ष ठेवलं. कमी गुणवाल्यांमध्ये त्या काळात मरण पावलेल्यांचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले. उद्या उठता आलं नाही तर परवा मराल, असा त्याचा अर्थ लावू नका. पाठांतर करणाऱ्यांची ती जुनी खोड आहे. पायांची ताकद, सांध्यांची लवचीकता, अंगाचा तोल आणि वजन हे सगळं त्या एका उठण्यात एकदम कळतं, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या आज्या पाटावर बसून जेवत, उखळापाशी उकिडव्या बसत, सारवताना अंगण ओणव्यानं पालथं घालत. ही परीक्षा त्या रोज देत होत्या.

आता तुमच्या सुट्ट्यांकडे येते, कारण त्यांचे फोटो मी बघते. न मागता दाखवता. शनिवारी पहाटे पुण्याहून निघायचं, खंबाटकीत अडकायचं, मग वाईच्या पुढं पसरणी घाटात दोन तास गाडीत बसून चिप्सची पाकिटं फोडायची. पाचगणीच्या रिसॉर्टवर पोचलं की आधी वाय-फायचा पासवर्ड. रात्री बुफे, सकाळी बुफे. टेबललँडवर घोड्यावर बसून फोटो, वेण्णा तलावात नावेत बसून फोटो, स्ट्रॉबेरी-क्रीम खाताना फोटो. त्या दोन दिवसांत तुमच्या पायांनी काय केलं ते सांगा. चार जणांचं कुटुंब चार फोनांत, आणि त्याला नाव "फॅमिली टाइम".

त्यात ज्यांनी आईवडिलांना बरोबर नेलं त्यांचा वेगळा समाचार घ्यायचा आहे. खोली घेतली वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पॉइंटवर पोचल्यावर "आई, तू गाडीतच बस, तुला जमायचं नाही." परत येईपर्यंत ती म्हातारी काच खाली करून माकडं बघत बसली. हे मला तिनंच सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, कौतुकानं. पोरानं फिरायला नेलं म्हणून. मला मात्र तिचं ते कौतुक ऐकवेना. चारशे पावलांचा सपाट रस्ता होता तो. तिचा हात धरून, तिच्या चालीनं, दर पन्नास पावलांवर थांबत तुला नेता आलं नसतं? त्याला अर्धा तास लागला असता. पण हळू चालायलाही पायात दम लागतो, आणि म्हाताऱ्या माणसाचा भार दंडावर घेऊन चालायला तर जास्तच. खरी मेख तिथं आहे. "तुला जमायचं नाही" हे तू आईला म्हणालास, ते तुला स्वतःला लागू होतं.

तुमच्यातल्या कितीतरी जणांचे वडील मुंबईत माथाडी होते. मस्जिद बंदरच्या दाणाबाजारात शंभर-शंभर किलोची पोती पाठीवरून वाहायची, पुढं बाजार वाशीला हलला तेव्हा तिथं. गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जण, वळकट्या भिंतीला, जेवण खानावळीत. १९६९ चा माथाडी कायदा होऊन मंडळं आली तेव्हा कुठं पगारी रजा आणि फंड हे शब्द हमालाच्या तोंडी आले. बायकापोरं गावाला. त्यांना आठवण येत नव्हती असं वाटतं? मनिऑर्डरच्या फॉर्मच्या खालच्या पट्टीवर दोन ओळी लिहायला जागा असे, तेवढ्यात सगळं मावायचं. तुमच्यातल्या काहींच्या आयांना ती पट्टी मी वाचून दाखवली आहे. "पैसे मिळाले कळवणे. गाय व्याली का?" हे वाचताना ऐकणारीचा चेहरा कसा व्हायचा ते तुम्हाला आठवत नसेल, तुम्ही पदराशी खेळत होतात.

आणि चैत्रात यात्रेला हीच माणसं एसटीच्या टपावर बोचकी टाकून यायची. आल्या दिवशी पालखीला खांदा, रात्रभर छबिना, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड, तिसऱ्या दिवशी घराची कौलं शाकारणं, चौथ्या दिवशी बांध घालणं, आणि मग परतीची गाडी. त्यांची सुट्टी अशी असायची. बायको-पोरांशी त्या काळात ते किती बोलत होते देव जाणे, बहुधा फार नाही. आणि ते सगळे संत होते असंही मी म्हणत नाही. काहींचा पगार दारूत जायचा, पाठी पन्नाशीतच मोडायच्या. पोती वाहून माणूस धडधाकट होतो असलं अडाणी तत्त्वज्ञान माझ्या तोंडी घालू नका. पण आल्यावर ती माणसं घराला हात लावायची.

परवाच्या यात्रेला तुम्हीही आलात. गाडी थेट दारात. ओट्यावर खुर्ची, खुर्चीत तुम्ही, हातात मोबाइल. पालखीला खांदा दिलात खरा. समोरच्यानं फोटो काढेपर्यंत. मग "घे रे जरा" म्हणून बाजूला झालात आणि देवळाच्या पायऱ्यांवर मधेच बसून धापा टाकल्यात. ज्याच्या बापानं शंभर किलो वाहिलं त्याला भरलेला गॅस सिलेंडर ओट्यापर्यंत नेता येत नाही. जेमतेम तीस किलो भरतो तो, त्यात गॅस फक्त १४.२ किलो.

मुलींनो, तुम्ही खुश होऊन मान डोलावू नका, तुमच्याकडेच वळते आहे. "आम्हाला वेगळा व्यायाम कशाला, घरकामात होतोच की," असं तुम्ही मला एका सुरात सांगितलंत. कसला होतो? मिक्सरचं बटण दाबलं, कणीक फूड प्रोसेसरनं मळली, फरशी कामाच्या ताईंनी पुसली. दमणं आणि व्यायाम होणं यात फरक आहे. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, त्यानं मांडीचे स्नायू बळकट होत नाहीत. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आकडे आले. आपल्या देशातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेसं हालतच नाहीत. पुरुषांत साधारण ४२ टक्के आणि बायकांत ५७. दिवसभर राबणारी बाई जास्त बैठी कशी, असं विचाराल. तिच्या राबण्यात तिच्या स्वतःच्या अंगासाठी म्हणून वीस मिनिटंही नसतात, अशी.

आणि भारतीय बाईची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत थांबते. त्यानंतरची पहिली काही वर्षं हाडं झपाट्यानं विरळ होतात. तुम्ही नेमक्या त्या वर्षांत आहात. उद्या न्हाणीत घसरलात तर खुबा मोडेल, आणि मग सून-लेकीनं धरून नेल्याशिवाय संडासालाही जाता यायचं नाही. घाबरवते आहे? हो, घाबरवतेच आहे. हाडावर भार पडला तर हाड टिकतं. जिने चढा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन उठाबशा काढा. सुट्टीत सगळं घर लोळत असताना चौथ्यांदा चहा टाकायला तुम्हीच का उठता, हेही नवऱ्याला एकदा विचारा. तो उठला तर त्याच्याही पायांचं भलं होईल.

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. काहीच केलं नाही तर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम वाढेल असं चाला किंवा तत्सम काही करा, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. चालणं काहीजण करता, ताकदीचं कोणीच करत नाही. मनगटावर घड्याळ बांधून दहा हजार पावलांचा जप करणाऱ्यांनो, तो आकडा कुठल्या वेदात नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याबरोबर तो आला. चाला, चांगलंच आहे, पण साडेनऊ हजार झाली म्हणून रात्री बेडरूममध्ये गोल गोल फिरू नका. त्यापेक्षा जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं बाहेर पडा, रक्तातली साखर आटोक्यात राहील. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात मधुमेहाचे १०.१ कोटी लोक निघाले आणि मधुमेहाच्या दारात उभे असलेले १३.६ कोटी. पंगतीत बासुंदीची तिसरी वाटी मागणाऱ्यांनी आपण कुठल्या कोटीत आहोत ते तपासून घ्यावं. शिंप्याची टेप घ्या, बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा, श्वास आत न ओढता. पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. त्याच्या वर गेलात तर घंटा वाजली. बीपी-साखर असेल, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टर, मग शौर्य.

"आता या वयात काय होणार" हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढू नका. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी वृद्धांच्या शुश्रूषागृहातल्या लोकांना पायांनी वजन उचलायला लावलं. वयं नव्वदीच्या आसपास, काठ्या-वॉकरवाले लोक. आठ आठवड्यांत, ज्या नऊ जणांनी शेवटपर्यंत केलं, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आणि तुम्ही पन्नाशीत उताणे पडलात.

त्याचा खरा उपयोग तुमच्या आईवडिलांना आहे. अमेरिकेतून जो आला होता त्याला हे सांगते. दोन वर्षांनी येतोस, दहा दिवसांत पंधरा घरी चहा पितोस, कांदी पेढ्यांची खोकी वाटतोस आणि आईच्या वाट्याला विमानतळावरची मिठी. व्हिडिओ कॉलवर "जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का" एवढे दोन प्रश्न, आणि उत्तर ऐकायच्या आत दुसरा कॉल येतो. पुढच्या वेळी कोणाकडे जाऊ नकोस. रोज सकाळी आईला खुर्चीत बसव आणि हात न टेकता उठायला लाव. आधी पाच वेळा, मग हळूहळू वाढव, तू समोर उभा राहून तूही कर. नंतर तिला घेऊन ओढ्यापर्यंत जा. तिथं गेली की ती आपोआप बोलते. कोणाची विहीर, कोणाचा बांध, तुझा आजा कुठं पडला होता. घरात सोफ्यावर बसून तिला विचारलंस तर "बरं आहे" यापलीकडे काही निघायचं नाही. आणि परत गेल्यावर फोन लावशील तेव्हा "ओढ्याकडं गेली होतीस का?" असं विचार.

आता ज्यांचं माणूस गेलं त्यांच्याबद्दल. तुमच्यातल्या एकीची आई गेल्या वर्षी वारली. गावच्या घराला कुलूप. "बाई, आई नाही तर ते घर खायला उठतं" म्हणून ती यात्रेलाही आली नाही, पण दर महिन्याच्या तिथीला आईचा फोटो, हार आणि दोन ओळी स्टेटसला टाकते. पोरी, तुझं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, हे मला कोणी शिकवायला नको. पण तू त्या दुःखाला पलंगावर झोपवलंस आणि त्याच्या उशाशी बसून फरसाण खाते आहेस. चौदा किलो वजन वाढलं असं तूच सांगितलंस. घर उघड. जाळी काढ, मोरी घास, परड्यातलं गवत उपट. आईची कमरेत खोचलेली साडी आणि विळा तिथंच कुठंतरी असेल. रडू येईल, येऊ दे, रडत रडत उपट. आईचं श्राद्ध भटजीला फोनवर सांगून होतं, आईच्या परड्याचं होत नाही.

बॅचमधले जे मित्र गेले त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभे राहिलात. ते सगळे काही बसून बसून गेले नाहीत; एक अपघातात गेला, एकीला कॅन्सर झाला. पण तिघे हार्ट अटॅकनं गेले, आणि तुम्ही उभे होतात तेव्हा तुमचा श्वास मला पहिल्या रांगेत ऐकू येत होता. दोन मिनिटं संपली आणि निवेदक म्हणाला, "आता सगळ्यांनी डान्ससाठी स्टेजवर यावं." झिंगाट लागलं. अर्ध्या मिनिटात सगळे कमरेवर हात. दोघांच्या विधवा बायका तुम्ही बोलावल्या होत्यात, चांगलं केलंत. त्यांच्याकडे नंतर कोण गेलं? त्यांच्या पोरांच्या फीचं काय चाललंय ते कोणाला माहीत आहे? ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र टाकणाऱ्यांपैकी एकालाही नाही, मी विचारून आले आहे. एक इथं जवळच, दोन गल्ल्या सोडून राहते. चालत जा.

पुढचा मेळावा सहकुटुंब, महाबळेश्वरच्या रिसॉर्टवर, माणशी चार हजार, असं ठरत असल्याचं कानावर आलं आहे. मी येणार नाही आणि गाडी पाठवायची गरज नाही. सहकुटुंब जमायचं असेल तर साताऱ्यात जमा, पहाटे साडेपाचला राजवाड्यासमोर गोलबागेजवळ. तिथून सगळे अजिंक्यताऱ्यावर पायी. पोरंसोरं, नवरे-बायका, सगळी. ज्यांना दम लागेल त्यांनी थांबत थांबत यावं, दुचाकी मागवू नये. ज्यांचे आईवडील आहेत त्यांनी त्यांना आणा. चढवत नसेल ते खाली बागेत बसतील आणि आळीपाळीनं दोघं त्यांच्याबरोबर थांबतील, आपापल्या नव्हे, दुसऱ्याच्या आईवडिलांजवळ. त्या दोघी बायकांना घरी जाऊन आमंत्रण द्यायचं, मेसेज टाकायचा नाही. भाकरी-ठेचा घरून, आणि ती पुरुषांनी बांधून आणायची. केटरर दिसला तर मी त्याला परत पाठवीन. हजेरी मी घेणार आहे, पावणेसहानंतर आलेल्याची लागणार नाही.